देवघरातली हिरवी केळी

दोड्डप्पांनी रस्त्यात उभ्या असलेल्या एका म्हशीला "बाजूला व्हा की ताई, लई घाई हाय," असं म्हटलं, त्याच दिवशी विरेशदादानं त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. म्हशीला धक्का लागला नव्हता, स्कूटरलाही नाही. म्हैस शहाण्यासारखी बाजूला झाली होती, हेही दोड्डप्पांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण संध्याकाळपर्यंत गोष्ट सोलापुरातल्या आमच्या सगळ्या बाळीवेशीत पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विरेशदादाला ताईंची खुशाली विचारू लागलं.

वडिलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे दोड्डप्पा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला दोड्डव्वा. आम्ही घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलतो. भांडण मात्र मराठीत करतो, कारण ते शेजाऱ्यांनाही कळावं अशी सगळ्यांची इच्छा असते. दोड्डप्पांचं नाव शरणप्पा. उभा जन्म त्यांनी वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला. आता ते दुकान त्यांचा मुलगा विरेशदादा बघतो. माझे आईबाबा अक्कलकोटला असतात. मी कॉलेजसाठी दोड्डप्पांकडे राहायला आले ती राहिलेच. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि एका प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट बघत घरी बसले. घरातल्या भाषेत याला 'सिद्धी मोकळीच आहे' असं म्हणतात.

म्हणून दोड्डप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकला होता. डाव्यातला त्याच वाटेवर होता. ऑपरेशन लगेच करायला हवं, पण रक्तातली साखर इतकी जास्त असताना डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत खाली आणा आणि या. उशीर झाला तर मोतीबिंदू दगडासारखा घट्ट होतो, मग तो काढणं अवघड होतं आणि डोळ्याला धोका असतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दोड्डप्पांचा चहा बिनसाखरेचा. जेवणात ज्वारीची भाकरी. गोळ्या वेळेवर. रोज सकाळी चालणं. मग साखर येते कुठून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोड्डप्पांनी वर बघितलं. ते देवाकडे बोट दाखवतायत असं डॉक्टरांना वाटलं असणार. माझ्या मते ते आमच्या गच्चीकडे बघत होते.

आमचं देवघर गच्चीवर आहे. पत्र्याचं छत, एक दार, भिंतीत एक जाळी. दोड्डप्पा रोज सकाळी तिथे बसून इष्टलिंगाची पूजा करतात, धूप लावतात, केळ्याचा नैवेद्य दाखवतात आणि ते केळं प्रसाद म्हणून तिथेच खातात. प्रसाद टाकायचा नसतो, उरवायचा नसतो आणि नाकारायचा तर अजिबात नसतो. यावर आमच्या घरात कुणाचंही दुमत नाही. दोड्डप्पांना केळी इतकी आवडतात की त्यांची भक्ती आधीची की केळ्याची आवड आधीची, हा प्रश्न दोड्डव्वाला लग्नापासून पडला आहे.

नैवेद्याला दुसरं काही दाखवा, असं मी सुचवलं. खडीसाखर म्हणाले. पेरू सुचवला, तर दातात बिया अडकतात. डाळिंब सुचवलं, तर सोलायला दिसत नाही.

मग मी तोडगा काढला, आणि पुढचं सगळं त्या तोडग्यामुळेच घडलं.

केळं कच्चं असतं तेव्हा त्यात साखर जवळजवळ नसते. सगळा स्टार्च असतो, आणि त्यातला बराचसा असा की आपल्या आतड्याला तो फोडताच येत नाही. तो तसाच पुढे जातो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पंगतीला वाढला जातो. केळं पिकतं म्हणजे त्यात बाहेरून गोडी येत नाही. त्याच्या आतलीच एन्झाइम्स त्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात आणि साखरेचे छोटे तुकडे करतात. तुरटपणा देणारी टॅनिन्स एकमेकांना चिकटून मोठी होतात आणि जिभेला जाणवेनाशी होतात. सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासूनच तिथे असलेला पिवळा रंग उघडा पडतो. हे सगळं मी जेवताना सांगितलं. आंब्याचंही सांगितलं: कैरीत क जीवनसत्त्व जास्त, पिकल्यावर ते कमी होतं आणि कॅरोटिन वाढतं. त्यामुळे पिकणं म्हणजे सुधारणं असं सरसकट म्हणता येत नाही. दोड्डव्वानं माझ्याकडे बघून, पोरगी जेवत का नाही, असं विचारलं.

दोड्डप्पांनी मात्र सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं.

"म्हणजे कच्चं केळं ही शंभराची नोट," ते म्हणाले, "आणि पिकलेलं म्हणजे तिचीच चिल्लर. चिल्लर लगेच उडते."

याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, बरोबर, आणि तुम्हाला आता नोटच खायची आहे. नैवेद्याला कच्चं हिरवं केळं ठेवायचं आणि तेच खायचं. देवाला रंगाचं वावडं नाही. मी केळ्यांचा एक रंगतक्ता छापून आणला. त्यात गडद हिरव्यापासून काळ्या ठिपक्यांच्या पिवळ्यापर्यंत सात नंबर होते. तो फ्रिजच्या दारावर लावला आणि दोड्डव्वाला बजावलं, पहिल्या दोन नंबरांच्या पुढचं केळं वर जाता कामा नये.

दोड्डप्पा इतक्या सहज कबूल झाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दोड्डव्वा सोमवारी आणि गुरुवारी बाजारातून कच्च्या केळ्यांची एकेक फणी आणायची. स्वयंपाकघरात ठेवली तर येताजाता कुणीतरी तोडणार, म्हणून ती थेट देवघरातल्या लाकडी कपाटात ठेवायची आणि दार लावून घ्यायची. देवघराची किल्ली पूजेच्या वेळी फक्त दोड्डप्पांकडे. चोरावर पहारा बसवायचा तर चोराच्याच हाती किल्ली द्यावी, असा काहीसा हा बंदोबस्त होता. पण तेव्हा तो आम्हाला फार पक्का वाटला.

पहिल्या दिवशी दोड्डप्पा पूजा करून खाली आले ते तोंड आवळून. जीभ लाकडासारखी झाली होती. बोलता येत नव्हतं. दोड्डव्वानं ताक दिलं. "तुरट हाय," एवढंच म्हणून ते पलंगावर पडले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. टॅनिन्स आपलं काम चोख करत होती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर रोज सकाळी दोड्डप्पा जिन्यावरून उतरताना एक विशिष्ट चेहरा करायचे. डोळे मिटलेले, ओठ आत ओढलेले, एक हात भिंतीवर. दोड्डव्वा ताकाचा पेला घेऊन तयारच असायची. गल्लीतल्या बायकांना ती सांगायची, आमच्या ह्यांनी या वयात जिभेवर इतका ताबा मिळवलाय. कुणीतरी त्यांना नमस्कारही करून गेलं.

मी रोज सालही तपासत होते. दोड्डप्पा एक साल खाली आणून बादलीत टाकायचे आणि ती हिरवीच असायची. मी तिचा नुसता रंग तक्त्याशी लावून बघायचे. नंबर एक, फार तर दीड. बाकीच्या फणीचं काय होतं, असं दोड्डव्वानं एकदा विचारलं, तेव्हा उरलेलं कल्लप्पाकडे जातं, असं ते म्हणाले. कल्लप्पा आमचे शेजारी, दोड्डप्पांचे जुने दोस्त, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक शेळी आहे आणि प्रत्येक विषयावर एक अनुभव आहे. शेजारधर्म ऐकून दोड्डव्वाला आणखीच भरून आलं.

पंधरा दिवसांनी साखर तपासली. आधीपेक्षा जास्त.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एम.एस्सी.ला असतानाही माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. त्यांनी गोळी वाढवली, ऑपरेशन पुढे ढकललं आणि नवी तारीख दिली. ही शेवटची, नंतर डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही, असंही म्हणाले. दोड्डप्पा दवाखान्यातून बाहेर आले ते फारच हलक्या पावलांनी. उजव्या बाजूचा खांब त्यांना दिसला नाही आणि ते त्याला "सॉरी हं" म्हणाले, पण खुशीत म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या शिक्षणावर चर्चा झाली. विरेशदादा म्हणाला, काट्यात खोट नसेल तर वजनात असते. म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही, पण नजर माझ्याकडेच होती. दोड्डव्वा म्हणाली, इतकं पथ्य करून माणसाला गुण येत नाही तर खाऊ दे त्यांना पिकलेलं. दोड्डप्पा म्हणाले, नको नको, पोरीचं मन मोडू नका, मी आपला कच्चंच खाईन. हे वाक्य त्यांनी कपाळाला हात लावून म्हटलं.

मी हिशेब करत बसले. रोज एक कच्चं केळं खाऊन साखर इतकी वाढत नाही. एक पिकलेलं खाऊनही इतकी वाढत नाही. कुठल्याही बाजूनं मांडलं तरी गणित जुळत नव्हतं. गणित जुळत नाही तेव्हा निसर्गानं नियम मोडलेला नसतो, आपल्याला काहीतरी माहीत नसतं. हे वाक्य आमचे सर नेहमी म्हणायचे आणि तेव्हा मला ते फार कंटाळवाणं वाटायचं.

मला जे माहीत नव्हतं ते शेळीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत मागच्या अंगणात उभी होते. वर दोड्डप्पांची पूजा चालली होती, जाळीतून धुपाचा वास येत होता. कल्लप्पांची शेळी आमच्या गच्चीखाली येऊन उभी राहिली होती. ती चरायला आलेली नव्हती. तिथे चरायला काही नाही, फरशी आहे. ती मान वर करून जाळीकडे बघत उभी होती, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी. थोड्या वेळानं जाळीतून एक साल खाली पडली. शेळीनं ती खाल्ली. मग दुसरी पडली. तिसरी तिच्या तोंडात जायच्या आत मी उचलली, तेव्हा शेळी मला ढुशी मारायला धावली.

साल हिरवी होती. नंबर दोन, त्याच्या पुढे नाही. पण ती देठापासून टोकापर्यंत लांब, सरळ पट्ट्यांत निघालेली होती. मी तशीच तोंडात ब्रश धरून उभी राहिले. कच्च्या केळ्याची साल अशी निघत नाही. ती गराला धरून बसते, ओढली की कडकन मोडते. तिला सुरी लागते, आणि देवघरात सुरी नाही. मी सालीची आतली बाजू चाखून बघितली. गोड होती.

हिरवी साल आणि आत पिकलेला गर. मी ब्रश धुवून वर गेले.

दोड्डप्पा पूजा आटोपून उठत होते. मी पत्र्याखाली उभी राहिले आणि सकाळी आठलाच कपाळावरून घाम निथळायला लागला. एप्रिलअखेरीचं सोलापूर. दुपारी त्या खोलीत काय होत असेल याची कल्पना करायलाही नको. दहानंतर तिकडे कुणी फिरकत नव्हतं. कपाट उघडलं तर आतून गरम, गोड वाफ आली. उरलेली फणी हिरवीगार. बोटानं दाबलं तर लोण्यासारखी मऊ.

आणि मग मला तो तक्ता आठवला. तो थंड खोलीत पिकवलेल्या केळ्यांचा होता. तिथे साल आणि गर बरोबरीनं पिकतात, म्हणून रंगावरून आतलं सांगता येतं. पण तिशीच्या वर तापमान गेलं की आपल्या नेहमीच्या केळ्यात एक गंमत होते. सालीतलं हरितद्रव्य मोडण्याचं काम अडकतं. गराचं काम अडकत नाही. आतला स्टार्च धडाधड साखर होत राहतो आणि बाहेरून केळं हिरवंच दिसतं. त्यात आम्ही केळी बंद कपाटात कोंडली होती. पिकताना फळ स्वतः इथिलीन वायू सोडतं, तो बाहेर जायला जागा नाही. धुपाच्या धुरातही तो थोडा असतो, तोही रोज सकाळी मिळत होता. केळी झटपट पिकवायची आणि तरी कुणाला कळू द्यायची नाहीत, असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी याहून चांगलं यंत्र बांधू शकले नसते. आणि ते चालवत होतो आम्ही सगळे. मी तक्ता लावून, दोड्डव्वा कुलूप लावून.

मी एक केळं घेऊन खाली आले. दोड्डव्वानं बाजारातून आदल्या संध्याकाळी आणलेली ताजी फणी वर न्यायची राहून अजून पिशवीतच होती, त्यातलं एक घेतलं. दोन्ही हिरवी. विरेशदादा दुकानात जायच्या गडबडीत होता, त्यालाही थांबवलं. मी दोन्ही केळी चिरून ताटलीत मांडली आणि औषधांच्या डब्यातली बिटाडीनची बाटली काढली.

"नैवेद्याच्या केळ्यावर जखमेचं औषध?" दोड्डव्वा म्हणाली. तिला इतकं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते कुजबुजत ओरडणं होतं, वर देवाला ऐकू जाऊ नये म्हणून.

हे अजून नैवेद्य झालेलं नाही, असं मी तिला समजावलं. बिटाडीनमध्ये आयोडीन असतं. आयोडीन स्टार्चला भेटलं की निळंकाळं होतं. स्टार्च नसेल तर तपकिरीच राहतं. शाळेत सगळ्यांनी बटाट्यावर केलेला प्रयोग, त्यात माझ्या एम.एस्सी.चा काही संबंध नाही. मी दोन्ही ढिगांवर थेंब टाकले.

बाजारातल्या केळ्याच्या चकत्या बघता बघता शाईसारख्या झाल्या. देवघरातल्या चकत्या तशाच राहिल्या, वर नुसता तपकिरी डाग.

दोड्डव्वानं ताटलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. विरेशदादा हसू दाबायला भिंतीकडे वळला. दोड्डप्पा खुर्चीत पुढे झुकून आमच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "काळं झालं व्हय? कुटलं काळं झालं?"

ताटली त्यांच्या पुढ्यात होती, हातभरावर. त्यांनी ती उचलून नाकाला लागेपर्यंत जवळ नेली, उजेडाकडे तिरकी केली, परत खाली ठेवली. त्यांना दोन्ही ढीग सारखेच दिसत होते. विरेशदादाचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"मला काय, सगळंच पिवळं दिसतंय," ते म्हणाले. "तुमी हिरवी ठेवताय का पिवळी, मला कुटं कळतंय? प्रसाद समोर आला, खाल्ला."

पहिल्या तीन दिवसांचा तुरटपणा कुठे गेला हे जिभेला कळलं नाही का, असं दोड्डव्वानं विचारलं. आणि ताक? रोजचं ताक कशासाठी पीत होतात? त्यावर ते म्हणाले, ताक चांगलं होतं. मी विचारलं, रोज किती खायचा? खाली घातलेली मान वर न करता ते म्हणाले, फणी असते केवढी. मग कल्लप्पांकडे काय जात होतं? साली जात होत्या की, मी खोटं कुठं बोललो, उरलेलं म्हणालो, सालीच उरायच्या.

दोड्डव्वा उठून आत गेली. तिच्या भांड्यांचा आवाज आला. गल्लीतल्या बायकांना तिनं काय काय सांगितलं होतं ते तिला आठवत असणार.

मला राग यायला हवा होता. पण काहीतरी अजून जुळत नव्हतं. हा माणूस स्कूटरसाठी रोज विरेशदादाच्या मागे लागतो. किल्ली हवी असेल तर डोळा हवा, डोळा हवा तर साखर खाली यायला हवी, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मग एकाच्या जागी पाच-पाच केळी? आणि दवाखान्यातून तारीख पुढे गेल्यावर ती हलकी पावलं?

विरेशदादा दुकानात गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, तुम्हाला ऑपरेशन करायचंय का नाही.

बराच वेळ ते ताटलीतल्या चकत्या बोटानं सरकवत बसले. मग म्हणाले, "कल्लप्पा सांगत होता, भूल देत न्हाईत. जागं असतंय माणूस. डोळा उघडाच ठिवतात, चिमटा लावून." ते थांबले. "सिद्धव्वा, डोळा उघडा म्हणल्यावर सुरी येताना दिसणारच की. दुसरीकडं तोंड तरी कसं फिरवायचं?"

स्वतःचा मोतीबिंदू काढून घेतलेल्या कल्लप्पांनी दोड्डप्पांना आणखीही बरंच सांगितलं होतं. डोळा काढून ताटलीत ठेवतात आणि धुवून परत बसवतात, इथपर्यंत. पहिली तारीख साखरेमुळे पुढे गेली तेव्हा दोड्डप्पांना सुटल्यासारखं झालं. केळी आपोआप गोड लागायला लागली तेव्हा त्यांनी त्यात शिवाचा हात बघितला. आपल्याला भीती वाटते हे घरात सांगण्यापेक्षा साखर वाढवणं सोपं होतं.

ऑपरेशनच्या वेळी काय दिसतं, मला माहीत नव्हतं. काहीही दिसत नाही, घाबरू नका, असं म्हणून टाकता आलं असतं. पण पंधरा दिवस न तपासलेल्या गोष्टीवर ठाम बोलून काय होतं ते नुकतंच बघितलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारते. आणि त्यांच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर टाकला.

डॉक्टर आधी वैतागले, मग शांतपणे बोलले. डोळा काढत नाहीत, जागेवरच असतो. थेंब टाकून बधिर करतात, दुखत नाही. चिमटा असतो तो पापणी मिटू नये म्हणून. दिसतो तो नुसता उजेड, कधी रंग हलताना दिसतात, पाण्यातून दिवा बघावा तसे. सुरी येताना ओळखू येत नाही, दिव्याचा उजेडच इतका असतो. दोड्डप्पांनी फोनच्या जवळ तोंड नेऊन विचारलं, कुठले रंग. माणसामाणसावर आहे, डॉक्टर म्हणाले, कुणी निळा सांगतं, कुणी गुलाबी. तुम्ही बघून मला सांगा.

फोन ठेवल्यावर दोड्डप्पांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, कल्लप्पाला काय दिसलं असंल? आणि लगेच स्वतःच म्हणाले, त्यानं डोळे मिटले असणार, चिमट्यासकट.

त्या दिवसापासून केळी खाली आली. स्वयंपाकघरात पाण्याच्या माठामागे थंड कोपरा आहे, तिथे उघड्यावर टोपलीत. तक्ता मी फाडून टाकला. दोड्डव्वा रोज एकच केळं, तेही अर्धं, सुरीनं साल काढून वर पाठवायची. साल सुरीशिवाय निघाली तर केळं बाद. ही कसोटी तिला तक्त्यापेक्षा जास्त पटली, कारण ती तिच्या हातात होती. नैवेद्य दाखवताना ती स्वतः दारात उभी राहायची. ताक बंद झालं. दोड्डप्पांचा सकाळचा चेहरा आता खरा होता, आणि तो आधीच्या अभिनयापेक्षा बराच फिका होता, हे मी नमूद करून ठेवते. शेळी आठवडाभर जाळीखाली येऊन उभी राहिली. मग कल्लप्पा येऊन विचारून गेले, तुमच्याकडे काही बिनसलंय का, जनावर चारा खात नाही.

नव्या तारखेला साखर मर्यादेत निघाली. वाढवलेल्या गोळीनं किती आणि केळ्यांनी किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. दोड्डव्वानं श्रेय सुरीला दिलं.

ऑपरेशनला मी बाहेर बाकावर बसले होते, दोड्डव्वा शेजारी जपमाळ घेऊन. आत काय झालं ते नंतर नर्सबाईंनी सांगितलं, आणि सांगताना हसू आवरायला त्या दोनदा थांबल्या. टेबलावर झोपल्यावर दोड्डप्पांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. नर्सबाईंनी डोळ्याभोवती तपकिरी औषध लावलं. हे काय, त्यांनी विचारलं. बिटाडीन आहे आजोबा, जंतू मारायला, त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांनी कड सोडली आणि ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "बघा जरा, काळं पडतंय का?"

नर्सबाईंनी वाकून बघितलं. "नाही हो. तपकिरीच आहे."

"मग ठीक," दोड्डप्पा म्हणाले. "म्हणजे मी पुरता पिकलोय. करा सुरू."

त्यांना हिरवा रंग दिसला म्हणे, कडेनं पिवळा. डॉक्टरांना त्यांनी फाडलेल्या तक्त्यातला नंबरही सांगितला: तीन ते चारच्या मधला. किल्ली अजून विरेशदादाच्या खिशात आहे, डावा डोळा झाल्याशिवाय मिळणार नाही. पण आता त्यासाठी दोड्डप्पा रोज सकाळी स्वतःच सुरी घेऊन बसतात, आणि साल हातानं निघणारी केळी विरेशदादाच्या डब्यात टाकतात.